वय थांबत नाही

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावात मी अंगणवाडी सेविका म्हणून रुजू झाले, तेव्हा २०२० साल नुकतंच लागलं होतं. आधीच्या बाई वयोमानानं निवृत्त झाल्या, जागा निघाली. मी याच गावची सून, बारावी झालेली, म्हणून अर्ज केला होता. वजनकाटा कसा लावायचा, दंडाला पट्टी कुठं गुंडाळायची, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंच्या हातात कोणती यादी द्यायची, हे शिकता शिकताच मार्च आला. लेकरांना बोलावू नका असा निरोप आला. मग २२ तारखेचा जनता कर्फ्यू, आणि २५ मार्चपासून सगळा देशच बंद.

आधीच्या बाईंनी चार्ज देताना रजिस्टरातल्या तीन नावांवर बोट ठेवलं होतं. "ह्या तिघाईकडं जरा ध्यान देत जा," एवढंच त्या म्हणाल्या. ध्यान द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्या वेळी कळलं नाही, आणि नंतर विचारावं तर कुणाला, हेही कळेना. आमच्या कामाचं सगळं शिक्षण चालत्या अंगणवाडीचं. अंगणवाडीच बंद असली तर काय करायचं, हे कुणीच शिकवलेलं नव्हतं. त्यात चालू न शकणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, नजरेला नजर न देणाऱ्या लेकराचं काय करायचं, हे तर मला ठाऊकच नव्हतं.

त्या तिघांची खरी नावं मी इथं लिहीत नाही. त्यांना बाळी, दादू आणि सोन्या म्हणते.

सोन्या साडेचार वर्षांचा. बोलणं जवळजवळ नाही, पण रोज सकाळी एका ठरावीक वेळेला दप्तर पाठीला लावून अंगणवाडीत यायचा, खिडकीखालच्या एकाच जागी बसायचा आणि मण्यांची रांग लावायचा. त्याची जागा कुणी घेतली तर रडून गोंधळ करायचा. बंद सुरू झाला तरी तो येतच राहिला. कुलूप हलवायचा, मग जमिनीवर पडून डोकं आपटायचा. त्याची आई त्याला उचलून घरी न्यायची. "मॅडम, याला कोरोना कसा समजून सांगू?" तिनं विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. घरात एकच खोली, बाप दिवसभर घरी, बाहेर पोलिसांच्या गाडीचा भोंगा. ज्या लेकराचं सगळं जगणं ठरलेल्या क्रमावर उभं आहे, त्याचा क्रम एका रात्रीत मोडला होता. महिनाभरात तो आधी येत असलेले दोन-चार शब्दही बोलेनासा झाला. शी-शूचं सांगायला शिकला होता, तेही गेलं. घरच्यांनी त्याच्या हातात मोबाइल दिला, कारण तेवढा वेळ तो शांत बसायचा. मग मोबाइल काढला की पुन्हा आकांत.

दादू अडीच वर्षांचा, जन्मतः कमी ऐकू येणारा. दोन्ही कानांना मशीन लावून त्याला थोडेच महिने झाले होते, आणि औरंगाबादला बेरा नावाच्या तपासणीची तारीख एप्रिलातली होती. ती तारीख हुकली. मशीनची बॅटरी म्हणजे शर्टाच्या गुंडीहून लहान चकती, आठ-पंधरा दिवसांत संपणारी. गंगाखेडच्या बाजारात ती मिळेना, परभणीला जायला वाहन नाही. दादूची आई मशीन दिवसातून तासभरच लावू लागली, बॅटरी पुरवून पुरवून वापरायची म्हणून. त्यात लहान लेकराचा कान वाढतो, तसा कानात बसवलेला साचा सैल होतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. शिट्टी वाजली की दादू ते ओढून काढायचा. मशीन डब्यात गेलं ते गेलंच. वर आम्ही सगळ्यांनी तोंडं बांधलेली. हे लेकरू ओठांकडं बघून जे थोडंफार पकडायचं, तेही झाकलं गेलं. मी मास्क लावून त्याच्याशी बोलले की तो माझ्या डोळ्यांकडं बघून घाबरायचा.

बाळीला मी पहिल्यांदा पाहिलं ते एप्रिलच्या शेवटी. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, तिला बरोबर घेऊन. आमच्या गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात. कारखाने बंद झाले आणि ही माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावरच अडकली. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परत जायची परवानगी दिली, तेव्हा ट्रॅक्टर-ट्रकातून ती गावाकडं आली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांना वेगळं ठेवलं. आशाताई आणि मी दारातूनच चौकशी करत होतो. एका वर्गाच्या कोपऱ्यात गोधडीवर एक साडेतीन वर्षांची मुलगी आडवी पडलेली. पाय ताठ, एकमेकांवर चढलेले, मुठी आवळलेल्या. आई तिला पडल्या पडल्या पातळ पेज पाजत होती आणि दर घोटाला तिला ठसका लागत होता. तो ठसका ऐकून बाकीची माणसं दूर सरकली. "खोकला हाय तिला," कुणीतरी ओरडलं. तो खोकला कोरोनाचा नव्हता. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला होता, त्यामुळे तिच्या स्नायूंवर मेंदूचा नीट ताबा नाही. गिळण्याच्या स्नायूंवरही नाही. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, हे मला तिच्या आईकडच्या जुन्या केसपेपरवर वाचून कळलं.

त्या केसपेपरवर परभणीच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचा नंबर होता. मी फोन लावला. आमच्या गावात रेंज मारुतीच्या पारावर चांगली येते, म्हणून पारावर उभी राहून बोलले. मॅडम पहिलंच वाक्य बोलल्या ते असं: "तिचा व्यायाम किती दिवस बंद आहे?" मी म्हटलं, ऊसतोडीला गेल्यापासून. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. लेकराचं हाड रोज वाढतं. ताठर स्नायू आपणहून त्याच्याबरोबर ताणला जात नाही, त्याला रोज हातानं हळूहळू ताण द्यावा लागतो. तो द्यायचा थांबला की स्नायू आखूड पडतो, टाच उचलली जाते, गुडघा वाकलेलाच राहतो. पुढं प्लास्टर, नाहीतर ऑपरेशन. मोठ्या माणसाचं काम सहा महिने थांबलं तर ते सहा महिन्यांनी तिथूनच सुरू करता येतं. या लेकराचं तसं नसतं. ते रोज मागं जातं.

हे ऐकलं आणि तिन्ही घरांकडं मी वेगळ्या नजरेनं बघू लागले. दादूचंही तेच होतं. मेंदूत भाषेची जागा पहिल्या तीन-चार वर्षांत तयार होते, तेवढ्या काळात कानावर आवाज पडला नाही तर नंतर बोलणं फार अवघड जातं. कानाच्या मोठ्या ऑपरेशनसाठी केंद्र सरकारची जी मदत आहे, तिलाही जन्मतः बहिऱ्या लेकरांसाठी पाच वर्षांच्या आतली अट आहे. सोन्याचंही तेच. शिकलेलं वापरात राहिलं नाही की पुसलं जातं. साथीनं बस थांबवल्या, शाळा थांबवल्या, दवाखान्यातली रोजची कामं थांबवली. या लेकरांचं वय मात्र चालतच राहिलं.

आता कुणी विचारेल, सरकारी व्यवस्था नव्हती का? होती, आणि चांगली होती. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तिच्यात डॉक्टर असतात, नर्स असते, औषधं देणारे असतात. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टी त्या पथकानं लवकर ओळखायच्या आणि लेकराला पुढं पाठवायचं. दादूचा बहिरेपणा याच गाडीमुळं वेळेत कळला होता. पण साथ आली आणि ठिकठिकाणी ही पथकं कोविडच्या तपासणीला लागली. ती माणसं तिथं लागणारच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्या जागी या लेकरांकडं बघायला दुसरं कुणी आलं नाही. शाळेच्या मुलांसाठी 'शाळा बंद पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला निघाली, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, पण त्यातला मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या सहाव्या वर्षापासून धरलेला आहे. सहाच्या आतलं दिव्यांग लेकरू शाळेच्याही हिशेबात येत नव्हतं आणि कोविडच्याही.

ते मला सगळ्यात जास्त जाणवलं सप्टेंबरात. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आम्ही घरोघर फिरलो. ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, बीपी-शुगर कुणाला आहे ते लिहायचं. बाळीच्या घरी गेले. तिला ताप नव्हता, ऑक्सिजन ठीक होता. कागदावर ते घर निरोगी ठरलं. मी मात्र तिच्या दंडाला पट्टी लावून बघितली, ते त्या दिवशीचं काम नव्हतं तरी. पट्टी साडेबारा सेंटिमीटरच्या खाली गेली, म्हणजे मध्यम कुपोषण. साडेअकराच्या खाली गेली असती तर तीव्र. महिनोन् महिने वजनं झाली नव्हती, त्यामुळं हे कधी सुरू झालं ते कुणालाच सांगता येईना.

कारण शोधलं तर ते माझ्याच पिशवीत होतं. अंगणवाडी बंद म्हणून शिजवलेल्या गरम आहाराऐवजी आम्ही घरी कोरडं सामान देत होतो: गहू, डाळ, हरभरा, तिखट-मीठ. नियमाप्रमाणं बरोबर. पण बाळीला चावता येत नाही. तिच्या वाटणीचा हरभरा घरातली बाकीची माणसं खात होती आणि ती पेजेवर राहत होती. मी बाळीच्या आजीला जात्यावर भाजकी डाळ आणि गहू भरडायला सांगितलं, त्याची मऊ लापशी, वर तेलाची धार. आजी म्हणाली, "आगं, हे आधी कुणी सांगितलंच न्हाई. मला वाटायलं पोरीला जड व्हईल."

मग फोनवरच्या मॅडमच्या शिकवणीतून आम्ही एकेक गोष्ट बसवत गेलो. बाळीला आडवं पाजायचं बंद. दोन भिंतींच्या कोपऱ्यात गोधडीच्या गुंडाळ्या लावून तिला बसवायचं, दोन पायांच्या मधे पाट ठेवायचा म्हणजे पाय एकमेकांवर चढत नाहीत. हनुवटी जराशी खाली. चमचा समोरून न कोंबता बाजूनं. पहिला घास गिळला की मगच दुसरा. ताण द्यायचा व्यायाम अंघोळीच्या गरम पाण्यानंतर, कारण तेव्हा स्नायू सैल असतात, आणि तेल लावणं आईला तसंही करायचंच असतं. मॅडमनी व्हिडिओ कॉलवर आईचा हात बघून अंगठा कुठं, बोटं कुठं, हे सांगितलं. मीही शिकले. आपल्या हाताखाली ताठ पाय हळूहळू सैल होतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला या कामाचा अर्थ कळला.

सोन्यासाठी गट साधन केंद्रातल्या एका विशेष शिक्षकांनी वाट दाखवली. त्यांचं काम शाळेतल्या मुलांचं, सोन्या त्यांच्या यादीत बसत नव्हता, तरी त्यांनी फोन उचलला. त्यांच्या सांगण्यावरून मी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर चित्रं काढली: अंघोळ, भाकरी, शेळी, मॅडम, झोप. मी रोज एकाच वेळी, त्याच पिशवीत तेच मणी घेऊन त्याच्या अंगणातल्या लिंबाखाली जायची. आई त्याचं बोट 'मॅडम'च्या चित्रावर ठेवायची. दप्तर घेऊन तो आता कुलपाकडं जायचा नाही, लिंबाखाली बसायचा. ताप मोजायचं यंत्र कपाळासमोर धरलं की तो किंचाळायचा. म्हणून ते आधी आईच्या हाताला दाखवलं, मग शेळीच्या कपाळाला, मग त्याच्या पायाला. कपाळापर्यंत पोचायला बरेच दिवस लागले, पण पोचलं.

दादूच्या बॅटऱ्या परभणीहून दूध-भाजीच्या गाडीबरोबर मागवल्या. २० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली, तरी घरच्यांना धीर व्हायला थंडी उजाडली. तपासणी झाली, नवे साचे घेतले. त्याच्या घरी मी अंगणात लांब उभी राहून तोंडावरचा मास्क उतरवायची, म्हणजे त्याला ओठ दिसायचे, आणि आई मशीन लावलेल्या कानाशी बोलायची.

हे सगळं रुळतंय असं वाटत असतानाच दुसरी लाट आली. मार्च २०२१ च्या शेवटी जिल्ह्यात पुन्हा संचारबंदी लागली, आणि एप्रिलात बाळीची आई पॉझिटिव्ह निघाली. तिला तालुक्याच्या कोविड केंद्रात नेलं. घरात आजी आणि बाप. बाळी आईशिवाय कुणाच्या हातचं खात नव्हती. पहिल्या दिवशी ती तोंड घट्ट मिटून राहिली. दुसऱ्या दिवशी आजी रडत मला म्हणाली, "पोरगी मरंल आता."

मी दारात उभी राहिले, मास्क लावून. आत जायची मनाई होती. कोविड केंद्रात आईला फोन लावला, स्पीकर चालू करून बापाच्या हातात दिला. आईला दम लागत होता, तरी ती बोलत राहिली. "मामी, कोपऱ्यात बसवा आधी. गोधडी डाव्या अंगाला जास्त लावा. चमचा बाजूनं. हनुवटीखाली बोट ठेवा. गिळली का बघा. आता थांबा. थांबा जरा. आता द्या." आईचा आवाज ऐकून बाळीनं मान वळवली. मुठी सैल झाल्या. पहिला घास अर्धा बाहेर आला, दुसरा गेला. अर्धी वाटी लापशी संपायला तासभर लागला असेल. आजीचा हात थरथरत होता. तिसऱ्या दिवशी तो थरथरायचा थांबला. बापानं पायाचा व्यायाम शिकून घेतला. आई बरी होऊन घरी आली तेव्हा बाळी थोडी वाळली होती, पण मागं गेली नव्हती.

त्या आठवड्यात माझ्या मनातलं पक्कं झालं. या लेकरांच्या बाबतीत सगळा भार एकाच जोडी हातांवर ठेवणं हा मोठा धोका आहे. बहुतेक घरांत ते हात आईचे असतात. दवाखान्यात तिलाच शिकवतात, कारण तीच लेकरू घेऊन जाते. बाप, आजी, मोठी बहीण बाहेर बसतात. साथीत ती एक बाई आजारी पडली की लेकराचं जेवण, व्यायाम, बोलणं, सगळं एका दिवसात तुटतं.

नंतरचा रस्ताही सरळ नव्हता. मे २०२१ मध्ये परभणीत पेट्रोल शंभरीपार गेलं. मोटारसायकलवर परभणीला जाऊन यायचं म्हणजे मजुरी बुडायची ती वेगळी. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कोरोना ओसरला तरी बाळीची व्यायामाची फेरी चुकतच राहिली. मोठ्या शहरातल्या माणसाला साथ संपल्याची तारीख सांगता येत असेल. आमच्याकडं ती या लेकरांसाठी फार उशिरा संपली.

आज दादू शाळेत जातो, मशीन लावतो, शब्द अर्धे असले तरी बोलतो. सोन्यानं दोन-चार शब्द परत मिळवले, त्यात नवे जोडले. बाळीच्या एका टाचेला आखूडपणा आलाच. पायात स्प्लिंट आहे. ऊसतोडीत गेलेले आणि साथीतले सुरुवातीचे महिने तिला परत देता येणार नाहीत. ती कोपऱ्यातल्या बैठकीत बसून स्वतःच्या हातानं बिस्कीट तोंडापर्यंत नेते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अंगणवाडीसाठी दिव्यांग बालकांची कार्यपद्धती आणली. लवकर ओळखायचं, घरच्यांना आणि इतर लेकरांना बरोबर घेऊन सामावून घ्यायचं, आणि आशाताई-नर्सबाईंमार्फत पुढं पाठवायचं. ती वाचताना मला वाटलं, हे मार्च २०२० मध्ये हातात असतं तर मी इतकी चाचपडले नसते. तरी त्यात एक गोष्ट मला जोडावीशी वाटते: सगळं बंद होईल तेव्हा काय करायचं, हेही आधीच लिहून ठेवावं. दूध, औषध, रेशन जसं बंदच्या काळातही चालू राहतं, तसं दिव्यांग लेकराच्या घरची भेट चालू राहिली पाहिजे. चावू न शकणाऱ्या लेकराचं रेशन भरडून मिळालं पाहिजे. कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधासारख्या ठेवलेल्या असल्या पाहिजेत. बाल स्वास्थ्याच्या पथकातली सगळीच माणसं साथीच्या कामाला काढू नयेत.

वरून हे कधी होईल ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात माझं गाव आहे. नव्यानं नोंद झालेल्या अशा प्रत्येक लेकराच्या घरी आता मी आईबरोबर आणखी एकाला समोर बसवते, बाप असो, आजी असो की चुलती, आणि सगळं त्याच्या हातानं करून घेते. परभणीच्या मॅडमचा आणि विशेष शिक्षकांचा नंबर त्या घराच्या भिंतीवर लिहून ठेवते. शेजारच्या गावांत नव्यानं लागलेल्या सेविका विचारायला येतात, तेव्हा त्यांना सगळ्यात आधी हेच सांगते: लेकरू सापडलं की त्याच आठवड्यात घरातल्या दोघांना शिकवा, बंद लागायची वाट बघू नका.